खिंडीतले त्रेचाळीस खिळे

१४ मार्च २००९

विद्यापीठातल्या उत्खननवाल्या डॉ. नोरा केसलर यांनी आज ही वही दिली आणि कसं लिहायचं ते शिकवलं. तारीख, जागा, किती खोल, काय सापडलं. बाकीचं काही लिहू नका म्हणाल्या. पण वही दोनशे पानांची आहे आणि माझी बायको हेझल गेल्यापासून घरात माझं ऐकायला कुणी नाही. तेव्हा पुढून त्यांचं लिहीन, मागून माझं.

तर आज माझी अब्रू गेली. मी आणि हॉबर्ट मुलिन्स गेली पंधरा वर्षं मेटल डिटेक्टर घेऊन स्टिलहाऊसच्या डोंगरावर फिरतोय. एकोणीसशे एकवीस साली युनियनवाले खाणकामगार आणि कंपनीची माणसं इथे लढली, त्या लढाईतल्या बंदुकीच्या पुंगळ्या, बोथटलेल्या गोळ्या, काय मिळेल ते खणून आणायचं. सगळं माझ्या तळघरात कॉफीच्या डब्यांत आहे. अकराशेच्या वर. व्हिनेगरमध्ये घासून लख्ख केलेल्या, मापाप्रमाणे वेगळ्या लावलेल्या. मला वाटलं, विद्यापीठातली बाई बघून थक्क होईल.

बाई थक्क झाल्याच. एक पुंगळी उचलून म्हणाल्या, "ही कुठे मिळाली?"

"डोंगरावर."

"डोंगर चार मैल पसरलाय, मिस्टर स्टॅम्पर. डोंगरावर कुठे?"

मी हॉबर्टकडे पाहिलं. तो नाकातली ऑक्सिजनची नळी नीट करत बसला. बाई तळघराच्या पायरीवर खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग समजावून सांगितलं. पुंगळी जिथे पडली तिथे माणूस उभा होता. दहा पुंगळ्या ओळीत, म्हणजे दहा माणसांची फळी. ती जागा विसरली की हातात उरतं ते मोडीचं पितळ. आम्ही पंधरा वर्षं डोंगराची साक्ष एकेक शब्द उपटून डब्यात भरत होतो आणि वर ती घासूनही ठेवत होतो.

सप्टेंबरात राजधानीत, चार्ल्सटनला, सुनावणी आहे. डोंगर ऐतिहासिक रणभूमी ठरला तर वाचेल. नाही ठरला तर कोळसा कंपनी सुरुंग लावून त्याचं डोकं उडवणार आणि खालचा कोळसा काढणार. आमच्या चर्चची दफनभूमी त्याच उतारावर आहे. हेझल तिथे आहे.

हॉबर्ट जाताना म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. मास्तरीणबाईंना पण आधी अक्षर चुकायचंच की."


२८ मार्च

शिकतोय. डिटेक्टर वाजला की आधी छोटा झेंडा रोवायचा, मग खणायचं, मग बाई जागा मोजायच्या यंत्रावर आकडे घेतात, मग पिशवी, मग पिशवीवर नंबर. आठ तासांत एकोणीस पुंगळ्या. पूर्वी मी एवढ्या दुपारच्या जेवणाआधी काढायचो.

हॉबर्ट खाली ट्रकमध्ये बसून असतो. चढ त्याला आता जमत नाही. एकतीस वर्षं खाणीच्या छताला आधाराचे बोल्ट मारले त्याने, सगळी धूळ छातीत उतरली आहे. तिथून ओरडतो, "अर्विन, झेंडा रोवलास का? नाहीतर बाई अंगठे धरायला लावतील."

डॉक्टरबाई पण आता हसतात. मी त्यांना म्हटलं, तुमच्या हाताला फोड आले तर ते पण पिशवीत घाला आणि नंबर द्या.


१२ एप्रिल, ईस्टर

पश्चिमेच्या सोंडेवर, म्हणजे खाणकामगारांच्या बाजूला, आता दोनशे सहा झेंडे झाले. फळी स्पष्ट दिसते. ओंडक्यामागे एक, दगडामागे दोन. बाईंनी नकाशा दाखवला तेव्हा मी एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेलो. यातला एक ठिपका माझ्या आजोबांचा असणार.

एझ्रा स्टॅम्पर. गळ्याला लाल रुमाल बांधून दहा हजार कामगारांच्या मोर्चात सामील झालेले. युनियन हॉलच्या भिंतीवर मोर्चात गेलेल्यांच्या नावांच्या पितळी पाट्या आहेत, त्यात वरून तिसरी त्यांची. तिच्या शेजारीच विली मुलिन्सची. विली म्हणजे हॉबर्टचा थोरला काका. एकोणीस वर्षांचा होता, खिंडीत गोळी लागून गेला आणि खेचरावर घालून खाली आणला. ही भिंत एकाहत्तर साली माझ्याच पुढाकाराने झाली. माझे वडील तेव्हा युनियनचे अध्यक्ष. ते म्हणत होते, "राहू दे रे अर्विन, म्हातारा गेला आता, कशाला त्याचं नाव टांगतोस." पण मीच हट्ट धरला. आजोबांनाही मिरवणं आवडायचं नाही. कामगार दिनाला हॉलवर जेवण असायचं तर ते घरी मक्याचं कणीस सोलत बसायचे. शिकारीलाही कधी गेले नाहीत. त्यांची तीस-तीस मापाची रायफल चौदाव्या वर्षी माझ्या हातात दिली आणि पुन्हा तिला शिवले नाहीत. असे साधे होते.

वडिलांचा जन्म ऐन लढाईतला. आमच्या बायबलच्या पहिल्या पानावर आजीच्या अक्षरात आहे: २ सप्टेंबर १९२१, कंपनीचं घर नंबर १४. नवरा डोंगरावर लढतोय आणि बायको कंपनीच्याच घरात युनियनचा पोर जन्माला घालतेय. हे मी हॉलवर निदान पन्नास वेळा सांगितलं असेल.


१९ एप्रिल

डॉक्टरबाई म्हणतात की एका बाजूने पुरत नाही. खिंडीच्या पूर्वेच्या सोंडेवर शेरीफची, म्हणजे कंपनीच्या बाजूची, माणसं चर खणून बसली होती, त्यांच्या पुंगळ्या हव्यात. तरच लढाई सिद्ध होते.

आज रविवार म्हणून हॉबर्टकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या बायकोने, ओपलने, बीन्स, मक्याचा पाव आणि रानलसूण परतून केला होता. मी पूर्वेच्या सोंडेचं काढलं तर हॉबर्ट म्हणाला, "तिथे काही नाही. मी सगळं धुंडाळलंय."

खरंच आहे ते. आमची वाटणीच तशी होती, पश्चिम माझी आणि पूर्व त्याची. तिकडे कातळात साप फार, तुला सापांची भीती, असं म्हणून त्याने पहिल्याच वर्षी ती बाजू स्वतःकडे घेतली. मित्र असावा तर असा. मी म्हटलं, "पंधरा वर्षांत तिकडे तुला एकही सापडली नाही?"

"एखाददुसरी. तुझ्या डब्यात टाकली असेल."

ओपलने पावाची थाळी इतक्या जोरात ठेवली की लोणी घरंगळलं. तिला जेवताना डोंगराच्या गप्पा खपत नाहीत.


३ मे

पूर्वेची सोंड. दोन दिवस. चर आहे, वीस पावलं लांब, गुडघ्याएवढा, पानांनी भरलेला. पण पुंगळी एकही नाही. डिटेक्टर वाजतो, मी आशेने खणतो, आणि निघतो छपराचा खिळा. रुंद डोक्याचा, जस्ताचा, काल दुकानातून आणल्यासारखा. असे त्रेचाळीस. कुठल्या मूर्खाने शिकारीचा माळा बांधायला आणले आणि सांडले देव जाणे. पण सांडलेत तरी कसे, तर प्रत्येक खिळा डोकं वर करून सरळ उभा, चार बोटं खोल.

मी फेकायला लागलो तर बाईंनी हात धरला. "झेंडा लावा."

"कचऱ्याला?"

"जमिनीत जे आहे त्या सगळ्याला. कचरा कुठला ते मागाहून ठरवू."

शहाणी बाई, पण डोक्यात हट्ट भरलेला. त्रेचाळीस खिळ्यांना त्रेचाळीस झेंडे, त्रेचाळीस पिशव्या.

बाईंचा चेहरा मात्र उतरला होता. म्हणाल्या, "केर काढल्यासारखा चर आहे. कुणीतरी अगदी हलक्या हाताने साफ केलाय."

ट्रकमध्ये हॉबर्टने विचारलं, "काय मिळालं?"

"खिळे."

"किती?"

"त्रेचाळीस. तुला काय करायचंय?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. आजकाल बोलताना त्याला दम लागतो.


२४ मे

थडगी सजवण्याचा दिवस. सगळं खोरं दफनभूमीत. आम्ही गवत काढलं, हेझलला कागदी फुलं लावली, विलीच्या दगडावरचं शेवाळ खरवडलं. नंतर झाडाखाली लांब टेबलांवर जेवण.

ड्वाइट आला होता. माझा धाकटा भाऊ. आई-वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवली आणि कुंपणाजवळ उभा राहिला. मी पाठ फिरवली. पंच्याऐंशीच्या संपात तो खाणीच्या फाटकासमोरची आमची संपवाल्यांची रांग ओलांडून कामावर गेला. दहा महिने आम्ही कोबी उकडून खाल्ला आणि हा आमच्या समोरून, बसच्या खिडकीला जाळी लावून, कामावर. त्याची मुलगी तेव्हा आजारी होती, संपामुळे फुकट उपचाराचं इस्पितळाचं कार्ड बंद पडलं होतं, हे सगळं मला ठाऊक आहे. आमच्यापैकी कुणाची मुलं आजारी नव्हती? त्या दिवसापासून चोवीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. संपफोड्या तो संपफोड्या.

हॉबर्ट चाकांच्या खुर्चीत होता. म्हणाला, "जा ना. एक थाळी नेऊन दे त्याला."

"आमच्या घराण्यात असली माणसं नाहीत."

"अर्विन," तो म्हणाला, मग थांबला, श्वास घेतला, पुन्हा म्हणाला, "अर्विन, पोट सगळ्यांना असतं रे."

मी उठून दुसऱ्या टेबलावर गेलो. हॉबर्टनेच मग ओपलच्या हाती थाळी पाठवली.


१७ जून

कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. एका बाजूच्या पुंगळ्यांनी लढाई सिद्ध होत नाही, त्या शिकारीच्याही असतील. पूर्वेकडून गोळी सुटल्याचा पुरावा द्या.

डॉक्टरबाई डोळे चोळत म्हणाल्या, "तो चर रिकामा नसता तर."

मी शिव्या दिल्या. ज्याने तो चर साफ केला त्याचे हात झडोत असं म्हणालो. हॉबर्टसमोर म्हणालो.


५ जुलै

हॉबर्टला आता बसताही येत नाही. पलंग पुढच्या खोलीत आणलाय, खिडकीतून डोंगर दिसावा म्हणून. मी रोज सकाळी जातो, त्याची दाढी करतो.

आज माझं मनगट धरलं. "जे काढलं ना, त्या जागी टेकू दिला मी. प्रत्येक ठिकाणी. मोकळं नाही सोडलं."

खाणीचंच घोळत होतं डोक्यात. खाणीत आधाराला सोडलेले कोळशाचे खांब काढायच्या पाळीला हॉबर्टचा नियमच होता: कोळशाचं ढेकूळ जरी काढलंस तरी त्या जागी लाकूड उभं कर, मगच मागे वळ. त्याच्या पाळीत छत कोसळून कुणी मेलं नाही ते त्यामुळेच. मी म्हटलं, "हो रे बाबा, तुझ्याइतका नेटका माणूस खाणीत झाला नाही."

"तसं नाही." आणि डोळ्यांतून पाणी. ओपल दारात उभी होती. म्हणाली, "हॉबर्ट, पुरे आता." मी दुसरा गाल साबणाने माखला.


११ जुलै

पहाटे हॉबर्ट गेला.


१४ जुलै

पुरलं. हेझलपासून अकरा पावलांवर. पाद्री प्रार्थनागीताची एकेक ओळ म्हणायचे आणि आम्ही ती मागून सूर ओढत म्हणायचो, जुन्या पद्धतीने. ओपलने त्याच्या खिशात त्याचा खाणीतला पितळी बिल्ला ठेवला, नंबर २१८. पाळीला आत जाताना हा बिल्ला फळ्यावर टांगायचा, बाहेर आलं की काढायचा. फळ्यावर बिल्ला राहिला म्हणजे माणूस आत आहे. आता खिशात आहे, म्हणजे सुखरूप बाहेर पडला असं धरायचं.

पन्नास वर्षं रोज बोललो मी या माणसाशी. आता कुणाला चिडवू?


२ ऑगस्ट



ओपलने बोलावलं. टेबलावर कॉफीचा एक डबा आणि छपराच्या खिळ्यांचा अर्धा खोका. रुंद डोक्याचे, जस्ताचे. मी खोक्याकडेच बघत राहिलो.

"डबा उघड," ती म्हणाली.

आत पुंगळ्या. न घासलेल्या, हिरव्या पडलेल्या, मातीसकट. मी मोजल्या. चव्वेचाळीस. त्यातली एक स्वच्छ, तिला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टीवर हॉबर्टच्या अक्षरात: अर्विनचं पहिलं हरीण, नोव्हेंबर १९६०.

मला आठवलं. मी चौदाचा, तो सोळाचा. मी हरणाकडे धावलो आणि त्याने पुंगळी उचलून खिशात घातली होती.

"बुडाकडे बघ," ओपल म्हणाली.

बंदुकीची सुई पुंगळीच्या बुडाला टोचते त्याची खूण असते, सहसा मधोमध, गोल. आजोबांच्या रायफलची सुई कधीकाळी मोडली होती. त्यांनी कानशीने घासून घरीच दुसरी केली. ती एका बाजूला टोचते आणि खूण पडते नखासारखी, चंद्रकोर. अशी खूण दुसऱ्या कुठल्या बंदुकीची मी आयुष्यात पाहिली नाही. हरणाच्या पुंगळीवर ती होती. मग मी डब्यातल्या मातीच्या पुंगळ्या एकेक उलट्या करत गेलो. चंद्रकोर. चंद्रकोर. गोल. चंद्रकोर. त्रेचाळीसपैकी एकतीस.

"या कुठल्या?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"पूर्वेच्या चरातल्या. पहिल्याच वर्षी त्याला चार सापडल्या. घरी येऊन हरणाची काढली, शेजारी ठेवली, आणि त्या दिवशी जेवला नाही. मग दर वर्षी जाऊन एकेक करत सगळ्या वेचल्या. काढली तिथे खिळा ठोकला. मी म्हटलं खिळा कशाला, तर म्हणाला, मोकळी जागा ठेवून मला मागे वळता येत नाही."

"विली," मी म्हणालो.

"हो. विली त्याचा काका."

"आणि त्याने मला सांगितलं नाही?"

ओपल शांत बाई आहे. पण आज बोलली. "तुला? तू पाठच्या भावाला चोवीस वर्षं सोडलं नाहीस. हॉबर्ट म्हणायचा, याला कळलं तर हा मेलेल्या आजोबालाही घराबाहेर काढेल, आणि मग याच्याकडे उरेल काय? सुरुवातीला कुणाचं काही बिघडत नव्हतं त्यात. डोंगर कुठे जात होता तेव्हा? मग ही कंपनी आली, त्या बाई आल्या, आणि तो रोज उठून म्हणायचा की आज सांगतो. मीच म्हटलं, झाकली मूठ झाकलीच राहू दे. आता तो गेला, आणि त्या मुठीपायी, ज्यात त्याला पुरलाय तो डोंगरच जाणार."

डबा आणि खोका घेऊन घरी आलो, रायफल काढली, मागच्या अंगणात एक बार काढला, पुंगळी उचलली. चंद्रकोर.


३ ऑगस्ट

बायबल उघडलं. २ सप्टेंबर १९२१, कंपनीचं घर नंबर १४.

त्या वसंतात युनियनमध्ये गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला कंपनीच्या घरातून बाहेर काढलं होतं. चूल, पाळणे, सगळं चिखलात. लोक तंबूंत राहत होते. हे मी शाळेतल्या पोरांना जाऊन सांगतो. आणि ही ओळ शंभरदा वाचून कधी थांबलो नाही. आजीला नववा महिना होता. शेरीफची माणसं दारात आली असतील. बंदूक घेऊन चल, नाहीतर हिला उचलून तंबूत घाल.

पश्चिमेच्या सोंडेवरचा एकही ठिपका आजोबांचा नाही.


९ ऑगस्ट

सात दिवस डबा टेबलावर आहे. शेगडीत घालून वितळवायचं असं दोनदा मनात आलं. कुणाला कळणार नाही. ओपल कधी बोलायची नाही. पाटी भिंतीवर राहील, वडिलांचं नाव राहील, माझं राहील. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मग खिडकीतून डोंगर दिसतो आणि तिथे हेझल आहे, हॉबर्ट आहे, विली आहे.

रडलो. लिहून ठेवतो, कारण बाई म्हणतात जे आहे ते सगळं नोंदवा.


१० ऑगस्ट

डबा, खोका आणि रायफल घेऊन विद्यापीठात गेलो. ओपलही आली.

डॉक्टरबाईंनी सगळं लिहून घेतलं. मग त्रेचाळीस पिशव्या आणल्या, नकाशा पसरला. प्रत्येक खिळ्याची जागा त्यावर होती. त्या म्हणाल्या, "कुठली पुंगळी कुठल्या खिळ्याजागी होती हे सांगता येणार नाही. पण त्रेचाळीस खिळे आणि त्रेचाळीस पुंगळ्या. चराची सगळी फळी इथे आहे. मिस्टर मुलिन्सनी जागा जपल्या." नंतर हळू आवाजात, "एक मात्र आहे. रायफल कुणाची, ती तुमच्या घराण्याबाहेर कुणाच्या हाती गेली होती का, हे कुणीतरी शपथेवर सांगावं लागेल. त्याशिवाय या कुठल्याही पुंगळ्या ठरतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकते."

"विलीला त्यानेच मारलं का?"

"ते पितळ सांगत नाही."

"पण मारलं असेल."

"चरात निदान चार बंदुका होत्या," त्या म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, पण एकतीस खुणा एकाच सुईच्या.

ओपलने माझ्या कोटाची बाही धरून ठेवली होती, परत येईपर्यंत.


१६ सप्टेंबर

सुनावणी झाली. खोली भरलेली, अर्ध्या बाजूला आमचे हॉलवाले, अर्ध्या बाजूला कंपनीच्या टोप्या घातलेली पोरं, ज्यांना खाण झाली तर काम मिळणार आहे. शेवटच्या रांगेत ड्वाइट.

हात वर करून शपथ घेतली. वकिलाने विचारलं, "तुमचे आजोबा कामगारांच्या मोर्चात होते असं तुम्हीच वर्षानुवर्षं सांगत आलात ना?"

"हो."

"म्हणजे तेव्हा खोटं बोलत होता की आता?"

"तेव्हा चुकीचं बोलत होतो. मला माहीत नव्हतं."

"आणि आता काय माहीत आहे?"

मी म्हटलं, "माझा आजोबा पूर्वेच्या चरात होता. त्याच्या बंदुकीतून एकतीस गोळ्या निदान सुटल्या. समोर आमचेच लोक होते. माझ्या मित्राचा काका समोर होता. ही बंदूक आमच्या घराण्याबाहेर कुणाच्या हाती कधी गेलेली नाही."

हॉलचा म्हातारा सचिव मान खाली घालून बसला होता. बाहेर पडताना त्याने मला वाट करून दिली. मी त्याच्या जागी असतो तर थुंकलो असतो.


४ ऑक्टोबर

निकालाचं पत्र आलं. खिंड आणि तिच्या दोन्ही बाजूच्या सोंडा, साठ एकर आणि दफनभूमी, हात लावायचा नाही. उरलेले साडेतीन मैल खणायची कंपनीला परवानगी. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या की हे पुष्कळ आहे. मी तळघरात जाऊन त्या अकराशे लख्ख पुंगळ्यांसमोर बसलो. उरलेला डोंगर यांच्यात होता. कुठली कुठून काढली हे मला आठवलं असतं तर.

मग हॉलवर गेलो. वरून तिसरी पाटी माझ्या हाताने काढली. त्या जागी हॉबर्टच्या खोक्यातला एक खिळा ठोकला.

तिथून ओपलने दिलेला मक्याचा पाव घेऊन ड्वाइटकडे. काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो. त्याने दार उघडलं. पोट सुटलंय, वडिलांसारखा दिसायला लागलाय.

मी म्हटलं, "आजोबांचं तू ऐकलंस तिथे."

"मला माहीत होतं," ड्वाइट म्हणाला. "पप्पांनी सांगितलं होतं. मी रांग ओलांडली त्या दिवशी आले, पोरीच्या पलंगाशी बसले आणि म्हणाले, तू पहिला नाहीस."

मी विचारलं, "आणि मला का नाही सांगितलं त्यांनी?"

त्याने माझ्या हातातला पाव घेतला. "ते म्हणाले, अर्विनला सांगू नकोस. मग तो माझ्याशीही बोलणार नाही."